केशवराव भोळे : न वाजविलेल्या संगीताचा अर्थ

१९३७ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या कथेने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडविली. जरठकुमारी विवाहाला बळी पडलेली तरुणी आपल्या वृद्ध नवऱ्याचे पतित्वच नाकारते, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकांना चक्रावून टाकणारी होती. त्या खळबळीत दुसरी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही आली नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नव्हते. नायिका रडते तेव्हा सारंगी रडत नाही, म्हातारा पश्चात्तापाने पोळतो तेव्हा व्हायोलिनचे करुण स्वर उमटत नाहीत. ऐकू येते ती जुन्या घड्याळाची टिकटिक, पावलांचा आवाज, दारांची उघडझाप, रस्त्यावरचा गलबला. गाणी आहेत, पण ती कोणीतरी पात्र गाते म्हणून आहेत. आणि तरीही या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शक म्हणून एका माणसाचे नाव आहे : केशवराव भोळे.

संगीतकाराने आपली वाद्ये मिटून ठेवावीत आणि तेच त्याचे सर्वांत धाडसी संगीत ठरावे, हा प्रकार विलक्षण खरा. हा निर्णय एकट्या केशवरावांचा नव्हता. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या वास्तववादी दृष्टीचा त्यात फार मोठा वाटा होता. परंतु असा निर्णय पचवायला आणि तो यशस्वी करून दाखवायला संगीतकारही तशाच घडणीचा लागतो. केशवरावांची घडण कशी झाली, हे पाहिले म्हणजे ‘कुंकू’तील शांततेचा उगम कळू लागतो.

त्यांचा जन्म १८९६ साली वऱ्हाडात, अमरावतीला झाला. त्या पिढीतील हुशार मुलांच्या वाट्याला जे शिक्षण घरच्यांच्या इच्छेने येई, तेच त्यांच्याही वाट्याला आले. वैद्यकीच्या अभ्यासासाठी ते मुंबईला आले. पण १९१५-२० च्या सुमाराची मुंबई ही गाण्याचा नाद असलेल्या विद्यार्थ्याला सुखाने अभ्यास करू देणारी नगरी नव्हती. बालगंधर्वांचा आणि केशवराव भोसल्यांचा तो काळ. अल्लादियाखाँसाहेब, अब्दुल करीमखाँसाहेब, भास्करबुवा बखले या थोर गवयांच्या मैफली कानांवर पडण्याचा तो काळ. डॉक्टरी मागे पडली आणि गाणे पुढे आले. घराण्यात वर्षानुवर्षे बसून तालीम घेणाऱ्या गवयाचा हा मार्ग नव्हता. केशवराव ऐकत गेले, ऐकलेले तपासत गेले आणि तपासलेले लिहीत गेले.

हे लिहिणे पुढे ‘एकलव्य’ या टोपणनावाने प्रसिद्ध होऊ लागले. टोपणनाव मोठे समर्पक होते, कारण दुरून पाहून विद्या घेणाऱ्या शिष्याची भूमिका त्यात होती. मात्र या एकलव्याने अंगठा कोणालाही दिला नाही. त्या दिवसांत गाण्यावर मराठीत जे लिहिले जाई त्यात स्तुतिसुमने तरी असत किंवा घराण्याघराण्यांतील भांडणे तरी. केशवरावांनी प्रश्नच वेगळे विचारले. हा गवई एखादा राग कसा मांडतो, त्याच्या आवाजाचा लगाव कसा आहे, शब्दाचे तो काय करतो, लय त्याच्या हातात आहे की तो लयीच्या हातात, असे ते प्रश्न होते. एकच यमन दोन गायकांच्या गळ्यातून दोन निराळे अर्थ घेऊन येतो, हे त्यांनी मैफलीत बसून ओळखले होते. स्वरांना स्वतःचा कायमचा असा अर्थ नसतो. कोण गातो, कोणासाठी गातो आणि कोणत्या क्षणी गातो यावर तो ठरतो. चित्रपटाच्या संगीतकाराला याहून अधिक उपयोगी पडेल असे ज्ञान दुसरे कोणते असणार?

चित्रपटाच्या आधी मात्र वाटेत रंगभूमी होती. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाच्या इतिहासात या प्रयोगाला जे महत्त्व दिले जाते त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करणे, घरासारखे घर रंगमंचावर दाखविणे, स्वाभाविक अभिनय या गोष्टींची मोजदाद नेहमी होते. संगीताच्या अंगाने जे घडले तेही तितकेच मोलाचे होते. संगीत नाटकात पन्नास-साठ पदे, प्रत्येक पदाला तानांची आतषबाजी आणि वर ‘वन्स मोअर’ हा रिवाज होता. नायिकेच्या घरावर आकाश कोसळले असले तरी ‘वन्स मोअर’ आला की ती ते आकाश पुन्हा एकदा कोसळवून घेई. ‘आंधळ्यांची शाळा’त पदे अगदी मोजकी होती. ती भावगीताच्या वळणाची होती आणि प्रसंगाच्या ओघात येऊन संपत होती. पडद्यामागून प्रसंगाला पोषक असे संगीतही त्यात योजलेले होते. ही सारी योजना केशवरावांची. नायिका बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे यांनी केली. गोव्याच्या केळेकर घराण्यातील ही गुणी गायिका वर्षभरापूर्वीच केशवरावांची पत्नी झाली होती.

पुढे १९४२ साली ‘कुलवधू’ या नाटकाने ज्योत्स्नाबाईंना अफाट लोकप्रियता मिळाली. त्यातील पदांच्या चाली मास्टर कृष्णरावांच्या होत्या. घरात एवढा संगीतकार असताना पत्नीची सर्वांत गाजलेली पदे दुसऱ्याच्या चालीची असावीत, यात कोणाला विपरीत वाटेल. केशवरावांच्या चालींचा स्वभाव पाहिला तर त्यात विपरीत काही नाही. त्यांची चाल टाळी घेण्यासाठी थांबत नसे.

‘नाट्यमन्वंतरा’तील अनेक मंडळी पुढे प्रभातमध्ये गेली. केशवराव दाते गेले, के. नारायण काळे गेले आणि केशवराव भोळेही गेले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली होती. बोलपट जन्मून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘इंद्रसभा’ या बोलपटात सुमारे सत्तर गाणी होती. चित्रपटाला वाणी मिळाली ती गाण्यासाठीच, असा तो समज होता. प्रभातच्या कोल्हापुरातील बोलपटांना गोविंदराव टेंब्यांसारख्या थोर कलावंताचे संगीत लाभले होते, तरी त्या संगीताचा मूळ घाट नाट्यसंगीताचाच होता. पात्र थांबते, गाते, गाणे संपते आणि मग कथा पुन्हा चालू लागते.

त्या काळच्या तंत्राचीही एक अडचण होती, ती आज सहसा ध्यानात येत नाही. आरंभीच्या बोलपटांत संवाद, गाणे आणि वाद्ये हे सर्व चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करावे लागे. नट कॅमेऱ्यासमोर गात असे आणि साजिंदे झाडामागे, भिंतीआड किंवा कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर कोठेतरी दाटीवाटीने बसत. एक तबलजी चुकला तरी साऱ्यांनाच पुन्हा आरंभ करावा लागे. अशा स्थितीत संवादांच्या मागे सतत संगीत देणे दुरापास्तच होते. १९३५ च्या आसपास गाणे आधी मुद्रित करून नंतर चित्रित करण्याची सोय रूढ होऊ लागली आणि ध्वनिपट्ट्यांचे मिश्रणही हळूहळू आटोक्यात आले. प्रभातचे ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले पाहत, आणि त्यांचा विभाग देशातील उत्तम विभागांत गणला जाई. त्यामुळे १९३७ मध्ये ‘कुंकू’ निघाला तेव्हा पार्श्वसंगीत देणे प्रभातला सहज शक्य होते. साधन हाती नसताना ते न वापरणे ही अगतिकता असते. ते हाती आल्यावर बाजूला ठेवणे हा निर्णय असतो.

प्रभातमधील केशवरावांचे पहिले मोठे काम १९३४ चा ‘अमृतमंथन’. बळींची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध उभा ठाकलेला राजगुरू यांचा हा संघर्ष. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन आणि मराठीत केशवराव दाते यांनी राजगुरू रंगविला. शांता आपटे या तरुण गायिकेचे नाव याच चित्रपटाने सर्वतोमुखी केले. गाणी गाजली, हिंदी चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला. तरीही या संगीतात अजून थोडी नाटकाची सवय उरली आहे, असे आज वाटते. गाणे सुंदर आहे. पण ते बाजूला काढून तबकडीवर ऐकले तरी त्याचे फारसे काही बिघडत नाही. चित्रपटातून काढले की ज्याचा अर्थ उणावतो असे संगीत केशवरावांनी दिले ते दोन वर्षांनी, ‘संत तुकाराम’मध्ये.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट. मुंबईच्या एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांची तुकारामाची भूमिका सर्वश्रुत आहे. पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करीत आणि पुढे भजनगायनात मुरले होते. त्यांच्या गळ्यात तानबाजी करण्याचे सामर्थ्य नव्हते असे नाही. या चित्रपटात मात्र तो गळा सरळ रेषेत चालतो. टाळ, चिपळ्या, मृदंग आणि वीणा एवढ्याच साजावर, शब्द न तोडता, श्वास जेथे संपतो तेथेच ओळ संपवीत पागनीस गातात. तुकाराम गाणे ‘म्हणत’ नाही, तो बोलता बोलता गातो आणि गाता गाता चालू लागतो. त्याच्या गाण्याला सभा लागत नाही.

आता त्याच्यासमोर उभा राहतो सालोमालो. हा ढोंगी बुवा तुकारामाचे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवितो. चोरी शब्दांची आहे, आणि शब्द तर दोघांच्या तोंडी तेच. मग खरा कोण आणि चोर कोण, हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? केशवरावांनी हा निवाडा चालीवर सोपविला. तेच शब्द सालोमालोच्या तोंडी आले की नटवे होतात. त्यांना मुरके फुटतात, हातवारे येतात, आवाज श्रोत्यांकडे डोळा ठेवून वर-खाली होतो. ज्या नाट्यसंगीताने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वेड लावले होते, त्याच्याच आलंकारिक शैलीची ही सौम्य थट्टा आहे. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याला कळते की अभंग चोरता येतो, तो म्हणण्याचा अधिकार चोरता येत नाही. एका शब्दाचेही भाष्य न करता चित्रपटाचा मुख्य विषय येथे संगीताने सांगून टाकला आहे. तुकारामाला भुलविण्यासाठी पाठविलेल्या नर्तकीच्या प्रसंगातही हीच युक्ती आहे. तेथे दोन माणसे झगडत नाहीत, दोन प्रकारची गाणी झगडतात.

जिजाईचे येथे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. गौरी या नटीने उभी केलेली जिजाई मराठी चित्रपटातील एक अविस्मरणीय स्त्री आहे. उपाशी मुले, रिकामे मडके आणि विठ्ठलाच्या नादी लागलेला नवरा यांनी गांजलेली ही बाई भांडते ते घरातल्या बोलीत, ठसक्यात. तिच्या बोलण्याला संगीताने कोठेही गोंजारलेले नाही. तिच्या संतापाच्या मागे एखादा करुण आलाप ठेवला असता तर ती बिचारी झाली असती. आलाप नसल्याने ती खरी राहते, आणि तुकारामाच्या भजनाशी तिचे भांडण बरोबरीचे होते. एका बाजूला सूर, दुसऱ्या बाजूला रोकडे बोलणे, अशा रचनेत चित्रपटाचे सारे सत्य सामावले आहे. भक्ती खरी आणि भूकही खरी.

‘कुंकू’ची वाट येथूनच निघाली, असे मानायला जागा आहे. जिजाईच्या वाट्याला आलेला स्वरांचा संयम पुढच्या वर्षी एका संपूर्ण चित्रपटाला लागू झाला. नीराला मामाने फसवून वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधले आहे. हे जुने, अंधारलेले घर, त्यातील कावेबाज सासुरवास, काकासाहेबांचे आरशासमोर तरुण होण्याचे केविलवाणे प्रयत्न, यांवर जर वाद्यवृंदाचे आच्छादन घातले असते, तर प्रेक्षकाला कोणाची कीव करायची आणि कोणाचा तिरस्कार हे आयते सांगितले गेले असते. ते न सांगितल्यामुळे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते. येथेच या चित्रपटाची नैतिक ताकद आहे. काकासाहेब हा खलपुरुष नाही, चुकलेला माणूस आहे. दात्यांचा अभिनय हे सांगतो, आणि संगीत त्याच्या आड येत नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी चालू राहते. ज्या वयाला मागे फिरविता येत नाही त्या वयाचा तो आवाज, आणि नीराच्या कानी तो कोंडलेल्या दिवसांचा आवाज. एका साध्या यंत्राच्या ध्वनीला दोन पात्रांपाशी दोन अर्थ मिळतात.

गाणी येतात तीही कारणाने येतात. नीराच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची जीवनावरील प्रसिद्ध इंग्रजी कविता आहे. मराठी चित्रपटात इंग्रजी कविता चाल लावून गाणे हा त्या काळी अचंब्याचाच प्रकार. आज ऐकताना शांता आपट्यांचे उच्चार थोडे अवघडलेले वाटतात, आणि हा प्रयोग सर्वांशाने साधला असे म्हणवत नाही. मात्र त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. ही मुलगी शिकलेली आहे, तिने पुस्तकांतून मिळविलेले बळ या घरातील कोणालाही हिसकावून घेता येणार नाही, हे त्या परक्या शब्दांच्या ठाम चालीतून इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही उमगते. याच्या नेमके उलट टोक म्हणजे रस्त्यावरून गात जाणाऱ्या भिकारी मुलाचे गाणे. शांताराम आठवल्यांनी ते ग्रामीण बोलीत लिहिले, आणि मास्टर परशुराम या बालनटाने ते गायिले. मन स्वच्छ असेल तर कोणाची भीती बाळगू नये, असा त्याचा आशय. चाल इतकी साधी की पोराटोरांनी एकदा ऐकून म्हणावी. बंद घराच्या बाहेर एक मोकळा रस्ता आहे, हे कोणाही पात्राने न सांगता या आवाजाने सांगितले. तत्त्वज्ञान नायिकेच्या तोंडी घातले असते तर ते व्याख्यान झाले असते. भिकाऱ्याच्या तोंडून ते वाऱ्यासारखे येते आणि जाते.

‘कुंकू’चा हा धडा हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीने गिरविला नाही, हे मान्य करावे लागते. पुढच्या दशकात वाद्यवृंद वाढत गेले, शंभर-शंभर वादकांचा ताफा प्रतिष्ठेचा विषय झाला, आणि रडणाऱ्या आईच्या मागे व्हायोलिनांचा जमाव उभा करणे हा नियमच होऊन बसला. केशवराव वाद्यांचे वैरी होते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार ही पाश्चात्त्य वाद्ये मराठी गाण्यात आणणाऱ्या पहिल्या काही संगीतकारांत त्यांची गणना होते. वाद्य देशी की परदेशी हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्या वाद्याचे त्या प्रसंगात काम काय, एवढेच ते पाहत.

‘माझा मुलगा’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे पुढचे चित्रपट. पैकी ‘संत ज्ञानेश्वर’ लोकांना अतिशय आवडला, पण त्यात ‘तुकारामा’ची धार नाही. चमत्कारांची संख्या वाढली की संगीताला त्यांच्या मागे धावावे लागते, आणि माधुर्य वाढून आशय पातळ होतो. शिवाय ज्ञानेश्वराच्या घरात जिजाई नाही. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त केशवराव पुन्हा आपल्या जागी आलेले दिसतात. राम आणि जानकी या बालदांपत्याचे खेळताना गायिलेले गाणे त्यात आहे. चाल खेळाची, ठेका उड्या मारणारा. शब्दांत मात्र हा खेळ थोड्याच वेळाचा असल्याची हुरहुर. ज्यांना आपण काय गातो हे कळत नाही अशा दोन मुलांच्या तोंडी ते गाणे आहे, आणि प्रेक्षकाला ते कळते. चाल आणि शब्द यांच्यातील या अंतरातच त्या गाण्याचा अर्थ दडलेला आहे. मोठ्या माणसाच्या तोंडी, विलंबित लयीत हेच शब्द दिले असते तर ती नुसती एक उदास कविता झाली असती.

१९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले होते, १९४५ मध्ये दामले वारले, आणि पाहता पाहता ती कंपनीही मिटली. तिच्या जागेत १९६० पासून चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. केशवराव पुन्हा लेखणीकडे वळले. आपल्या चालींमागचा विचार, फसलेले प्रयोग आणि साधलेल्या जागा यांचा हिशेब त्यांनी ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात मांडला. स्वतःच्या कामाकडे समीक्षकाच्या नजरेने पाहणारे असे पुस्तक लिहिणारे संगीत दिग्दर्शक आपल्याकडे फार थोडे झाले. १९७७ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या नावाची आज फारशी आठवण होत नाही, आणि त्याला त्यांची कामाची पद्धतही काही अंशी कारणीभूत आहे. ‘संत तुकारामा’साठी शांताराम आठवल्यांनी बीज आणि वृक्षाच्या दृष्टान्ताचा एक अभंग नव्याने रचला होता. केशवरावांच्या संगीताने सजून तो पागनीसांच्या गळ्यातून चित्रपटात आला. तो तुकोबांच्या वाणीशी इतका एकजीव झाला की अभ्यासू लोकही गाथेत त्याचा शोध घेऊ लागले. आजही कीर्तनांतून आणि भजनी मंडळांतून तो तुकाराममहाराजांचा अभंग म्हणूनच गायिला जातो, आणि म्हणणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असते की तो १९३६ साली पुण्यातील एका स्टुडिओत जन्मला.